केडगावचे मुक्तिसदन आणि छप्पनियाच्या मुली

पुण्याहून दौंडकडे जाताना, दौंडच्या थोडे अलीकडे, केडगाव नावाचे स्टेशन लागते. आम्हा बडोदेकर मराठी मंडळींपैकी पुष्कळांना हे नाव ठाऊक आहे ते नारायण महाराजांच्या बेटामुळे. दत्तभक्त घरांतून केडगावच्या बेटाची वारी पूर्वापार चालत आली आहे. पण त्याच स्टेशनावर शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी वेगळीच माणसे उतरत होती. अंगावर चिंध्या, पोट खपाटीला गेलेले, अशी ती मुले-मुली होती. त्यांतली काही मध्य प्रांतातली होती, तर काही थेट आपल्या गुजरातेतली. त्यांना घेऊन येणारी बाई होती पंडिता रमाबाई. यंदाच्या स्मरणिकेत त्या गावाविषयी आणि तिथल्या अनाथाश्रमाविषयी लिहावेसे वाटले, याला हा गुजरातचा धागा कारण आहे.

केडगाव हे भीमेच्या खोऱ्यातले, पर्जन्यछायेतले गाव. आज तिकडे ऊस दिसतो, गुऱ्हाळे दिसतात. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मात्र तो कोरडा माळ होता. अशा जागी रमाबाईंनी सुमारे शंभर एकर जमीन घेतली, आणि तीही आश्रमासाठी नव्हे, फळबागेसाठी! त्यामागे साधा हिशेब होता. १८८९ साली मुंबईत त्यांनी विधवांसाठी शारदा सदन काढले. पुढच्याच वर्षी ते पुण्यात आणले. अमेरिकेतल्या हितचिंतकांनी त्यासाठी मदत कबूल केली होती ती दहाच वर्षांची. त्यापुढे काय? बागेचे उत्पन्न यावे, संस्था स्वतःच्या पायावर उभी राहावी, म्हणून ही जमीन घेतली. पाणी विहिरींचे, जागा रेल्वेच्या कडेला, म्हणजे माल पाठवायला सोय. विदुषी म्हणून गाजलेल्या बाईला व्यवहारही किती कळत होता, हे यावरून दिसते.

इथे एका नाजूक गोष्टीला बगल देता येणार नाही. रमाबाईंनी १८८३ साली इंग्लंडमध्ये ख्रिस्ती धर्म स्वीकारला होता. शारदा सदनात धर्माची सक्ती नसेल, असे ठरले होते. पण काही मुली त्यांच्या प्रार्थनेला बसू लागल्या आणि पुण्यात गहजब झाला. 'केसरी'ने कडाडून टीका केली. १८९३ साली न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. भांडारकर यांच्यासारख्या सहानुभूती असलेल्या माणसांनीही सल्लागार मंडळातून अंग काढून घेतले. अनेक पालकांनी मुली घरी नेल्या. लोकमान्यांच्या पुढाकाराने सार्वजनिक गणेशोत्सवाची चळवळ उभी राहिली तीही त्याच शहरात आणि त्याच सुमारास. तेव्हा गणेशोत्सवाच्या स्मरणिकेत हा विषय कशाला, असे कोणी विचारील. आम्हाला वाटते, मुद्दाम इथेच यावा. टीकाकारांचे म्हणणे सगळे खोटे नव्हते, दिलेल्या शब्दाचा प्रश्न खरा होता. पण ज्या विधवांना सासर-माहेर दोन्ही दारे बंद होती, त्यांच्यासाठी दार उघडायला त्या वेळी आपल्यातले फार थोडे लोक पुढे आले होते, हेही तितकेच खरे आहे.

पुढे १८९६-९७ चा दुष्काळ आला. मध्य प्रांतातल्या बातम्या ऐकून रमाबाई स्वतः तिकडे गेल्या. त्यांना दुष्काळ पुस्तकातून कळलेला नव्हता. अनंतशास्त्री डोंगऱ्यांची ही मुलगी आई-वडिलांबरोबर पुराणे सांगत पायी देश हिंडली होती, आणि उपासमारीच्या दिवसांत आई, वडील व थोरली बहीण यांचे मृत्यू तिने डोळ्यांनी पाहिले होते. मदत-छावण्यांत त्यांना दिसले की नुसत्या भुकेपेक्षा मोठे संकट वेगळेच आहे. एकट्या पडलेल्या तरुण मुलींवर दलालांची नजर होती. त्यांनी जमतील तितक्या मुली बरोबर घेतल्या. हळूहळू ती संख्या तीनशेच्या घरात गेली.

पण ठेवायचे कुठे? पुण्यात प्लेग सुरू झाला होता, शहरात एवढी गर्दी ठेवायला सरकारी मनाई. तेव्हा केडगावची ती फळबाग कामी आली. आधी तंबू आणि झोपड्या, मग पक्की बांधकामे. १८९८ साली मुक्तिसदन सुरू झाले. याच प्लेगच्या काळात पुण्यातल्या छावणीत बायकांना मिळणाऱ्या वागणुकीवर रमाबाईंनी जाहीर पत्र लिहून सरकारला खडसावले होते. मिशनरी म्हणजे सरकारची माणसे, असा सरसकट समज असणाऱ्यांनी एवढे ध्यानात ठेवावे.

आता आपल्याकडचा भाग. संवत १९५६, म्हणजे १८९९-१९०० चा छप्पनियो दुष्काळ. गुजरातेत जुन्या माणसांच्या बोलण्यात हा शब्द अजून टिकून आहे. श्रीमंत सयाजीराव महाराजांचे राज्य, कारभार चोख, तरीही खानेसुमारीचे आकडे पाहिले की मन सुन्न होते. १८९१ साली बडोदे संस्थानाची लोकसंख्या २४ लाखांवर होती, ती १९०१ साली साडेएकोणीस लाखांवर आली. दुष्काळ, पटकी आणि प्लेग यांनी मिळून दहा वर्षांत जवळजवळ पाचवा हिस्सा कमी केला. रोज तक्ते भरणाऱ्या आमच्यासारख्या सरकारी माणसांना तक्त्यातला एक रकाना एवढा जड क्वचितच वाटतो. त्या वर्षी रमाबाईंची माणसे गुजरातेत फिरली आणि आईबाप गमावलेल्या मुली त्यांनी आगगाडीने केडगावला नेल्या. मुक्तिसदनाची वस्ती दीड-दोन हजारांच्या घरात पोचली. एखाद्या खेड्याशेजारी त्याहून मोठे खेडे वसावे, तसा हा प्रकार झाला.

एवढ्यांना दोन वेळा जेवू घालायचे, न्हाऊ घालायचे, शिकवायचे, तेही एका माळावर, हे काम कसे चालले असेल? रमाबाईंची युक्ती अशी, की शारदा सदनात शिकून तयार झालेल्या मुलींनी शिक्षिका व्हायचे आणि थोरल्या मुलींनी धाकट्यांना सांभाळायचे. शाळेबरोबर प्रत्येकीच्या हाताला काम. विणकाम, शिवण, शेती, दूधदुभते, तेलाचा घाणा, स्वयंपाकघर आणि छापखाना, सगळे बायकाच चालवीत. फसवल्या गेलेल्या स्त्रियांसाठी कृपासदन निघाले, म्हाताऱ्या व दुबळ्या बायकांसाठी प्रीतिसदन, मुलग्यांसाठी वेगळे सदानंद सदन. रमाबाईंची कन्या मनोरमाबाई ब्रेल लिपी शिकल्या आणि अंध मुलींची बोटे अक्षरांवरून फिरू लागली. गुजराती आणि हिंदी बोलत आलेल्या कित्येक पोरी केडगावात मराठी शिकल्या. त्यांची मूळ गावे, मूळ नावे कोणी जपली असती, तर आपल्या जिल्ह्यांचा केवढा इतिहास हाती आला असता!

मुक्तिसदन ही उघड ख्रिस्ती संस्था होती, त्यात आडपडदा नव्हता. तिच्यामुळे हिंदू समाजही खडबडून जागा झाला, असे आमचे मत आहे. शारदा सदनातली पहिल्यांपैकी एक विद्यार्थिनी म्हणजे बालविधवा गोदूबाई. १८९३ साली अण्णासाहेब कर्व्यांनी तिच्याशी पुनर्विवाह केला आणि ती आनंदीबाई कर्वे झाली. १८९६ साली अण्णांनी अनाथ बालिकाश्रम काढला. १९०० साली तो हिंगण्याला, गावाबाहेर झोपडीत गेला. केडगाव आणि हिंगणे यांच्या वाटा निराळ्या, पण एका घरातून निघालेल्या.

शेवटच्या वर्षांत रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून बायबलचे साध्या मराठीत भाषांतर हाती घेतले. कमी शिकलेल्या बाईलाही वाचता यावे, हा हेतू. १९२१ च्या जुलैत मनोरमाबाई गेल्या. लेकीच्या पश्चात आईने काम थांबवले नाही. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाईंचे निधन झाले, तेव्हा भाषांतर पुरे झाले होते. १९२४ साली ते मुक्तीच्याच छापखान्यात, तिथल्याच बायकांच्या हातून छापून निघाले. दुष्काळातून आलेल्या पोरींनी खिळे जुळवून एवढा मोठा ग्रंथ काढावा, ही गोष्ट मराठी मुद्रणाच्या इतिहासात याहून ठळकपणे यायला हवी.

भारत सरकारने १९८९ साली रमाबाईंच्या नावे टपाल तिकीट काढले. संस्था केडगावात आजही चालू आहे. अनाथ मुले, अंध मुली, निराधार बायका तिथे राहतात. बेटावर दत्तदर्शनाला जाणाऱ्या मंडळींनी परतीच्या गाडीला अवकाश असेल तर तिकडेही पाऊल वळवावे. स्टेशन एकच आहे.