तेर

धाराशिव जिल्ह्यातील प्राचीन व्यापारी गाव आणि संत गोरोबाकाकांचे समाधिस्थान. धाराशिवच्या ईशान्येस सुमारे २० किमी. अंतरावर, मांजरेला मिळणाऱ्या तेरणा नदीकाठी ते वसले आहे.

तेरचे जुने नाव तगर. इ.स.च्या पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासवर्णनात पैठणपासून पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवरील मोठे नगर म्हणून तगरचा उल्लेख येतो. येथील जाडेभरडे कापड व तलम मलमल गाड्यांत भरून भडोच बंदरात जाई. ग्रीक भूगोलकार टॉलेमीनेही तगरची नोंद केली आहे. पुढे शिलाहार राजे ‘तगरपुरवराधीश्वर’ हे बिरुद अभिमानाने लावत. त्यांची राज्ये मात्र कोकण व कोल्हापूर भागात होती. तगर म्हणजे नेमके कोणते गाव, याविषयी देवगिरी, जुन्नर असे अनेक तर्क झाले. १९०१ मध्ये जे. एफ. फ्लीट यांनी तगर म्हणजेच तेर हे दाखवून दिले. त्यानंतर हेन्री कझिन्स यांनी येथील मंदिरांची पाहणी केली आणि १९५८ मध्ये बा. ना. चापेकर यांनी उत्खनन केले.

गावाभोवतीच्या पांढरीच्या (जुन्या वस्तीच्या) टेकाडांत सातवाहनकालीन वस्तीचे थर आहेत. मराठवाड्यात भिंती व माळवदांसाठी पांढरी माती खणून नेण्याची जुनी रीत आहे; तिने या थरांची बरीच नासधूस केली. मोठा पाऊस झाला की मणी, शंखाच्या बांगड्यांचे तुकडे, नाणी वर येत. गावातील व्यापारी रामलिंगप्पा लामतुरे यांनी अशा वस्तू चिकाटीने जमवल्या. त्या संग्रहातूनच त्यांच्या नावाचे शासकीय संग्रहालय उभे राहिले. साच्यातून काढलेल्या केओलिनच्या (पांढऱ्या मातीच्या) मूर्ती, भाजलेल्या मातीची खेळणी, दिवे आणि रोमन नाण्यांच्या धर्तीवरील पदके तेथे आहेत. तेरची हस्तिदंती स्त्रीमूर्ती सर्वांत प्रसिद्ध आहे. इटलीतील पाँपेई येथे सापडलेल्या भारतीय हस्तिदंती मूर्तीशी तिचे जवळचे साम्य आहे.

वास्तूंपैकी त्रिविक्रम मंदिर सर्वांत महत्त्वाचे. त्याचा गाभारा विटांचा, मागे अर्धवर्तुळाकार आणि वर हत्तीच्या पाठीसारखे गोलाकार छप्पर असलेला आहे. मुळात हे बौद्ध चैत्यगृह असावे, असे कझिन्सचे मत होते. काही अभ्यासक ते आरंभापासून हिंदू मंदिर मानतात. आता आत त्रिविक्रमाची पाषाणमूर्ती असून पुढे सपाट छताचा मंडप जोडलेला आहे. असे बांधीव गजपृष्ठाकार मंदिर भारतात क्वचितच उभे राहिले आहे. आंध्रातील चेझर्ला येथील कपोतेश्वर हे दुसरे उदाहरण. उत्तरेश्वर व कालेश्वर ही मंदिरेही विटांची आहेत. उत्तरेश्वराची कोरीव लाकडी द्वारचौकट संग्रहालयात हलवली आहे. दख्खनमध्ये इतके जुने लाकूडकाम फारसे उरलेले नसल्याने तिचे मोल मोठे. गावात महावीराचे जैन मंदिरही आहे.

वारकऱ्यांना तेर ओळखीचे आहे ते गोरोबाकाकांमुळे. जातीने कुंभार असलेले गोरोबा ज्ञानदेव-नामदेवांचे समकालीन आणि त्या संतमेळ्यात वयाने वडील, म्हणून ‘काका’. संतमंडळी तेरला जमली असता मुक्ताबाईच्या सांगण्यावरून त्यांनी मडकी घडवण्याच्या थापटण्याने एकेकाचे डोके तपासले आणि नामदेवांचे मडके कच्चे ठरवले, ही कथा येथीलच मानतात. त्यानंतर नामदेवांनी विसोबा खेचरांना गुरू केले. चिखल तुडवताना गोरोबांच्या पायाखाली मूल गेल्याची कथाही सर्वश्रुत आहे. परंपरेनुसार गोरोबांनी शके १२३९ (इ.स. १३१७) मध्ये चैत्र वद्य त्रयोदशीस समाधी घेतली. नदीकाठच्या समाधिमंदिरात चैत्र वद्यात मोठी यात्रा भरते आणि तेरहून त्यांची पालखी पंढरपूरला जाते.