मुखपृष्ठ आणि चित्रवीथी
भवभूतीचे पद्मपूर म्हणजे आमगावजवळचे, १९९९ पासून गोंदिया जिल्ह्यात मोडणारे पद्मपूर, असे वा. वि. मिराशी यांनी प्रतिपादन केले. भवभूतीच्या काळी पोथीला फळ्या व वस्त्र पुरे. कवीचे कुल-ग्राम नाटकाच्या प्रस्तावनेत येई. तरीही संहितेआधी येणाऱ्या चित्राचे मर्म त्याने जाणले होते. ‘उत्तररामचरिता’च्या प्रथमांकातील चित्रवीथीत पुढील विरहाचे, पुत्रांना लाभणाऱ्या जृंभकास्त्रांचेही बीज आहे. मराठीत दीनानाथ दलालांच्या (१९१६–१९७१) स्त्रीप्रतिमा लोकप्रिय झाल्यावर अनुकरणकारांनी तोच चेहरा वाटेल त्या कादंबरीवर चढवला. रेखाटन नेहमीच कच्चे नसे. संहिता न वाचता काढलेले ते चित्र कोणत्याही पुस्तकाला चालले असते, हा खरा दोष. साठोत्तरी लघुअनियतकालिकांची ओबडधोबड, चक्रमुद्रित वेष्टने त्यांहून प्रामाणिक होती.