खराब हवामानातील ड्युएथलॉन : शरीरावर काय परिणाम होतो आणि कधी थांबावे?

ड्युएथलॉन म्हणजे आधी धावणे, मग सायकल आणि शेवटी पुन्हा धावणे. स्वित्झर्लंडमधील झोफिंगनच्या प्रसिद्ध शर्यतीत अनेक वर्षे १० किलोमीटर धावणे, १५० किलोमीटर सायकल आणि पुन्हा ३० किलोमीटर धावणे असे अंतर होते. आपल्या विदर्भातही दमदार खेळाडू आहेत. नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी २०१७ मध्ये 'रेस अक्रॉस अमेरिका' ही सायकल शर्यत एकट्याने पूर्ण केली. वाशिम, कारंजा, रिसोड भागातील मुलेही आता मॅरेथॉन, सायकलिंग आणि पोलीस भरतीसाठी पहाटे रस्त्यावर दिसतात.

सराव असलेल्या निरोगी माणसासाठी हे खेळ चांगले आहेत. धोका वाढतो तो हवामान बिघडल्यावर. अशा वेळी मेंदूवर लवकर परिणाम होतो आणि आपण संकटात आहोत हे स्पर्धकालाच कळत नाही. म्हणून हा लेख स्पर्धकाइतकाच त्याच्या घरच्यांसाठी आहे.

पाऊस आणि वारा : अंग थंड पडणे

शरीराचे आतील तापमान ३५ अंश सेल्सिअसच्या खाली जाते, तेव्हा त्याला हायपोथर्मिया म्हणतात. यासाठी बर्फ पडावा लागत नाही. ओले कपडे, जोराचा वारा आणि थकवा एकत्र आले की साध्या थंडीतही हे घडू शकते. सायकलवर तर वेगामुळेच वारा लागतो, आणि उतारावर पाय थांबले की शरीरात उष्णता तयार होणेही कमी होते. बोटे बधिर झाली की ब्रेक नीट दाबता येत नाही.

२२ मे २०२१ रोजी चीनच्या गान्सू प्रांतात १०० किलोमीटरच्या डोंगरी शर्यतीत अचानक गारा, गार पाऊस आणि वादळी वारा आला. त्यात २१ धावपटूंचा मृत्यू झाला. त्याच दिवशी एका मेंढपाळाने सहा धावपटूंना गुहेत आसरा देऊन, शेकोटी पेटवून वाचवले. आडोसा, कोरडे अंग आणि ऊब हाच पहिला उपचार असतो.

लक्षणे : सुरुवातीला हुडहुडी, बधिर बोटे, बटण लावता न येणे. नंतर अडखळत बोलणे, तोल जाणे, असंबद्ध वागणे. हुडहुडी थांबली पण माणूस सुस्त झाला, तर तो बरा झाला असे समजू नका. ती जास्त गंभीर अवस्था आहे.

काय करावे : आडोशाला न्या, ओले कपडे काढा, अंग कोरडे करा, डोके झाकून घोंगडी किंवा ब्लँकेटमध्ये गुंडाळा. ऊब आधी छाती-पोटाला द्या. पूर्ण शुद्धीत असेल तरच गरम गोड चहा द्या. हातपाय चोळू नका, दारू देऊ नका.

पाऱ्याचा साधा थर्मामीटर ३५ अंशांच्या आसपासच सुरू होतो, त्यामुळे त्याच्यावर कमी तापमान दिसत नाही. आकड्यापेक्षा लक्षणांवर विश्वास ठेवा.

ऊन आणि दमटपणा : श्रमामुळे होणारा उष्माघात

आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यांत पारा ४० अंशांच्या पुढे जातो. पण फक्त उन्हाळ्यातच उष्माघात होतो असे नाही. जून-जुलैच्या दमट हवेत घाम सुकत नाही आणि ढगाळ दिवशीही शरीर तापत राहते. जून २०१४ मध्ये मुंबईत पोलीस भरतीच्या ५ किलोमीटर धावण्याच्या चाचणीदरम्यान काही तरुण उमेदवारांचा मृत्यू झाला. वय कमी आहे एवढ्यावर निर्धास्त राहता येत नाही.

लक्षणे : चिडचिड, बरळणे, लटपटणे, उलटी, झटके, कोसळणे. 'घाम येतोय म्हणजे उष्माघात नाही' हा गैरसमज आहे. धावताना होणाऱ्या उष्माघातात रुग्ण घामाने चिंब असू शकतो.

काय करावे : १०८ला फोन करा आणि लगेच अंग थंड करायला लागा. शक्य असेल तर डोके वर धरून गार पाण्याच्या टाकीत बसवा; नाहीतर अंगावर सतत गार पाणी ओता आणि वारा घाला. गाडीची वाट पाहण्यात वेळ घालवू नका, कारण पहिल्या अर्ध्या तासात तापमान उतरवणे जीव वाचवते. पॅरासिटामॉलचा इथे उपयोग नाही. बरळणाऱ्या किंवा बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी घालू नका.

पाणी किती प्यावे?

कमी पाणी वाईट, तसेच गरजेपेक्षा जास्तही वाईट. कित्येक तास तहान नसताना पाणी पीत राहिल्यास रक्तातील सोडियम घटते. डोकेदुखी, मळमळ, हातांना सूज, गोंधळ आणि झटके येऊ शकतात. थंड-पावसाळी दिवशी घाम कमी येतो, तरी काही जण ठरावीक बाटल्या संपवतातच. तहानेनुसार प्या. शर्यतीनंतर वजन आधीपेक्षा वाढले असेल, तर पाणी जास्त झाले आहे.

वेदनाशामक गोळ्या घेऊन धावू नका. मूत्रपिंडाला इजा होऊ शकते. लघवी चहाच्या किंवा कोलाच्या रंगाची झाली, तर त्याच दिवशी रुग्णालयात जा.

आधी डॉक्टरांना कोणी भेटावे?

- छातीत दुखणे, धावताना चक्कर, किंवा घरात तरुण वयात अचानक मृत्यू झालेला असल्यास
- मधुमेह, रक्तदाब, दमा, फिट्स किंवा मूत्रपिंडाचा आजार असल्यास
- सिकलसेलचा रुग्ण किंवा वाहक असल्यास. विदर्भात हे प्रमाण लक्षात घेण्याजोगे आहे आणि अतिश्रमात वाहकही कोसळू शकतो
- गेल्या काही दिवसांत ताप, जुलाब किंवा उलट्या झाल्या असल्यास. अशा वेळी शर्यत सोडणेच योग्य

उन्हातील शर्यतीसाठी शरीराला सवय व्हायला साधारण १० ते १४ दिवस हळूहळू सराव लागतो.

थांबण्याचा निर्णय कोणाचा?

तो आदल्या दिवशीच ठरवा. सोबतच्या एका माणसाला सांगून ठेवा : 'तू म्हणालास की मी थांबणार.' प्रत्येक थांब्यावर त्याने साधे प्रश्न विचारावेत : आज वार कोणता? आता किती किलोमीटर झाले? उत्तर चुकले, बोलणे अडखळले किंवा पावले लटपटली, तर सायकल काढून घ्या. 'मी ठीक आहे' हे उत्तर अशा वेळी ग्राह्य धरू नये. विजा कडाडू लागल्या तर झाडाखाली न थांबता पक्क्या इमारतीत किंवा बंद गाडीत जा.

मुलाने महिनोन्‌महिने मेहनत केलेली असते, त्यामुळे त्याला थांबवणे घरच्यांना जड जाते. पण शर्यत पुढच्या वर्षी पुन्हा असते. माणूस बरळत असेल, बेशुद्ध झाला असेल किंवा झटके येत असतील, तर घरगुती उपायांवर थांबू नका. लगेच १०८वर फोन करा आणि रुग्णवाहिका येईपर्यंत वर सांगितलेले प्रथमोपचार सुरू ठेवा.