एकहाती ॲनिमेशनचे शास्त्र

पडद्यावरून सेकंदाला २४ चौकटी सरकतात. एक चित्र दोन चौकटी टिकवले, तर सेकंदाला १२ चित्रे पुरतात. या हिशेबाने पंधरा मिनिटांच्या लघुपटाला १०,८०० चित्रे लागतात. रोज दहा काढली तरी एका माणसाची तीन वर्षे जातात. एकट्याने काम करणाऱ्या ॲनिमेशनकाराच्या शैलीचा विचार या आकड्यापासूनच सुरू करावा लागतो. काय हलवायचे आणि काय स्थिर ठेवायचे, हा त्याच्यापुढे श्रमाचा प्रश्न असतो आणि त्याच वेळी अर्थाचाही.

मुंबईच्या गीतांजली राव यांचा ‘प्रिंटेड रेनबो’ (२००६) हा साधारण पंधरा मिनिटांचाच. जे. जे. कला संस्थेतून १९९४ साली उपयोजित कलेचे शिक्षण घेऊन त्या ॲनिमेशनकार राम मोहन यांच्या स्टुडिओत गेल्या. राम मोहन फिल्म्स डिव्हिजनच्या कार्टून विभागात घडले. तिथे १९५६ साली डिस्नेकडचे क्लेअर वीक्स शिकवायला आले होते. ही परंपरा श्रमविभागणीची: मुख्य चित्रे एकाची, मधली दुसऱ्याची, रंग तिसऱ्याचे. राव यांनी आपल्या लघुपटात ही विभागणी मोडली आणि हातात कुंचला ठेवला. कान महोत्सवाच्या समीक्षक सप्ताहात या लघुपटाला कोडॅक डिस्कव्हरी पुरस्कार मिळाला.

फ्लॅटमध्ये एक वृद्धा आणि तिची मांजर. घर काळे-पांढरे. काड्यापेटीवरच्या छापात ती शिरली की रंग उसळतात. मला यातली निवड फार अचूक वाटते. एकाकी म्हातारपणात हालचाल मुळातच थोडी, त्यामुळे तिथे वाचवलेले चित्र उणे भासत नाही. काड्यापेटीचा छाप तर स्वस्त छपाईचा, सपाट आणि मोजक्या रंगांचा. त्यात शिरताना खोली वा छायाप्रकाशाचा आभास उभा करण्याची गरजच उरत नाही. (दादासाहेब फाळक्यांनीही १९१५च्या सुमारास ‘आगकाड्यांची मौज’मध्ये काड्याच जिवंत केल्या होत्या, ती फिल्म आज हाती असती तर!)

जपानचे कोजी यामामुरा एकट्याच्या श्रमाची हीच अडचण वेगळ्या वाटेने सोडवतात. त्यांचा दहा मिनिटांचा ‘आतामायामा’ (२००२) राकुगो कथेवर बेतला आहे: चेरीच्या बिया गिळणाऱ्या कंजूष माणसाच्या डोक्यावर झाड उगवते. राकुगोत एकटा कथेकरी बसल्या जागी सगळी पात्रे वठवतो, आपला कीर्तनकार उभ्याने वठवतो तशी. म्हणून इथे निवेदनाचा एकच आवाज सारी पात्रे बोलतो आणि रेघेचा ठसाही एकच राहतो. आकार वाटेल तसे ताणले तरी कथेचा धागा सुटत नाही, कारण तो आवाजाच्या हाती असतो. या लघुपटाला २००३ साली आनसी महोत्सवाचे सर्वोच्च पारितोषिक मिळाले आणि त्याच वर्षी ऑस्करचे नामांकनही.

राव यांच्या ‘बॉम्बे रोझ’ (२०१९) या पूर्ण लांबीच्या चित्रपटावर मात्र सुमारे साठ चित्रकारांनी दीड वर्ष काम केले. प्रत्येक चौकट रंगवलेलीच, पण कथानके अनेक झाली आणि काही ठिकाणी चित्राला कथेमागे धावावे लागते. तरी एक जागा लघुपटाच्या तोलाची आहे. वृद्ध शर्ली डिसूझा चालू लागते आणि भोवतीची मुंबई तिच्या तरुणपणातली, काळी-पांढरी होते. ‘प्रिंटेड रेनबो’त रंगहीन होते ते वर्तमान, इथे रंग काढून घेतला आहे तो भूतकाळाचा, आणि तरी तोच अधिक भरलेला दिसतो.