पेटाऱ्यामागून : सावंतवाडी परिसरातील दशावतारी कंपन्या आणि त्यांचा फिरता प्रेक्षक

दशावतार हा दक्षिण कोकणातील देवळांच्या आवारात, वार्षिक जत्रेच्या रात्री होणारा नाट्यप्रकार असून, त्याचा विचार आजवर बहुधा नटांच्या, सोंगांच्या आणि मूळ कुठले या वादाच्या अंगाने झालेला आहे. परंतु या नाटकाला त्याच्या मंडळीइतकाच जुना असा एक प्रेक्षकवर्ग आहे, जो स्वतःच्या गावच्या जत्रेवर समाधान मानत नाही आणि आवडत्या कंपनीचा मुक्काम आज ज्या गावी असेल त्या गावी रात्र काढतो. पाश्चात्त्य रॉक संगीताच्या जगात वाद्यवृंदाच्या दौऱ्यामागे शहरोशहरी भटकणारे चाहते ही विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील नवलाई मानली गेली. सावंतवाडी, कुडाळ, वेंगुर्ले आणि गोव्याकडील पेडणे या पट्ट्यात मात्र असा भटका रसिक वीजही नव्हती तेव्हापासून ओळखीचा आहे, आणि तो का निर्माण झाला याचे उत्तर त्याच्या भाबडेपणात शोधण्यापेक्षा नाटकाच्या घडणीत शोधणे अधिक योग्य ठरते.

दशावताराच्या प्राचीनतेविषयी दोन परंपरा सांगितल्या जातात. एक परंपरा १७२८ च्या सुमारास शामजी नाईक काळे यांनी हा खेळ कर्नाटकातून कोकणात आणल्याचे मानते, तर दुसरी कुडाळ तालुक्यातील कवठीच्या गोरे घराण्याकडे त्याचे श्रेय देते. या दोन्ही परंपरा मंडळ्यांच्या बांधणीविषयी काही सांगत असतीलही, परंतु खेळाच्या जन्मकाळाविषयी त्यांच्यावर विसंबता येत नाही, कारण सतराव्या शतकातील रामदासांच्या दासबोधात दशावतारी खेळाचा आणि त्यातल्या सुंदर स्त्रिया वस्तुतः धडधाकट पुरुष असल्याचा स्पष्ट उल्लेख आहे. म्हणजे स्त्रीपार्टी, अर्थात स्त्रीभूमिका करणारा पुरुष नट, शामजी नाईकांच्या कितीतरी आधी प्रेक्षकांच्या चर्चेचा विषय झालेला होता. कर्नाटकातील यक्षगान या नाट्यप्रकाराशी असलेले साम्य पाहता दक्षिणेकडून आलेला हा प्रवाह एकाच माणसाच्या पेटाऱ्यातून आला असे मानण्याचे कारण नाही.

पेटारा हा शब्द येथे अलंकारिक नाही. दशावतारी कंपनीची गणपतीची मूर्ती, मुखवटे, मुकुट आणि वस्त्रे ज्या पेटीत राहतात तिला पेटारा म्हणतात. तिची रोज पूजा होते, आणि वाहनांची सोय होण्यापूर्वी ती डोक्यावर घेऊन मंडळी एका गावाहून दुसऱ्या गावी पायी जात असत. रात्रभर सिंहासनावर मिरवणारा नटही सकाळी सामान उचलीतच वाटेला लागे, म्हणून 'रात्री राजा, सकाळी डोक्यावर बोजा' ही म्हण सिंधुदुर्गात रूढ झाली. सिंहासन म्हणजे तरी काय, तर एक लाकडी बाकडे; तेच राजवाडा, तेच रथ, तेच अरण्यातील शिळा. नेपथ्य इतके कमी असल्यामुळे कंपनीला दररोज मुक्काम हलवणे शक्य झाले, आणि कंपनी दररोज हलते म्हणूनच तिच्यामागे जाणारा प्रेक्षक संभवला.

या भ्रमंतीचे वेळापत्रक मात्र कंपनीच्या मर्जीवर नव्हते. सावंतवाडी संस्थानातील खेड्यांचा कारभार ज्या व्यवस्थेने चाले तिला गावऱ्हाटी म्हणतात. ग्रामदेवता, तिचे मानकरी आणि त्यांचे ठरलेले हक्क यांची ती रचना असून, प्रत्येक देवस्थानची जत्रा पंचांगातील विशिष्ट तिथीला बांधलेली असते. त्या रात्री नाटक कोणी करायचे हेही अनेक गावी परंपरेने ठरलेले असते. मोचेमाडकर, पार्सेकर, आरोलकर, वालावलकर, आजगावकर, खानोलकर, गोरे अशा जुन्या कंपन्यांची नावे गावांवरून आणि घराण्यांवरून आलेली आहेत, आणि त्यांच्यापैकी प्रत्येकीच्या वाट्याला काही देवळे वहिवाटीने आलेली असतात. त्यामुळे त्रिपुरी पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी सावंतवाडी तालुक्यातील सोनुर्लीला माऊली देवीची लोटांगणांची जत्रा भरते हे ज्याला ठाऊक, त्याला आपली कंपनी पुढच्या आठवड्यात कोठे असेल हेही तिथी मोजून सांगता येई. जाहिरातीची गरज नव्हती; घरच्या भिंतीवरचे पंचांग पुरेसे होते.

मोसमाचा हिशेबही प्रेक्षकाच्या सोयीचा होता. कार्तिकात भात कापून, झोडून घरात आले की शेतकरी मोकळा होतो, तुळशीचे लग्न लागते आणि जत्रा सुरू होतात; मृगाच्या आधी त्या आटोपतात. नटही याच शेतकरी समाजातले आणि पावसाळ्यात नांगर धरणारे असल्यामुळे, रंगमंचावरचा आणि समोर गोणपाटावर बसलेला माणूस यांचा रिकामा काळ एकच असे. चूड, म्हणजे सुक्या झावळ्यांची पेटती मशाल, हातात घेऊन चारपाच जणांची टोळी शेजारच्या गावच्या जत्रेला निघे, आल्याचा वास मारणारे गूळपाकातले खाजे कमरेच्या पंचात बांधून घेई, आणि पहाटे परतताना वाटेत रात्रीच्या संवादांची उजळणी करी.

ही उजळणी समजून घेण्यासाठी नाटकाची रचना पाहावी लागते. देवीची पालखी आणि प्रदक्षिणा झाल्यानंतर, मध्यरात्रीच्या सुमारास, पूर्वरंग सुरू होतो, ज्याला आडदशावतार म्हणतात. पखवाज, झांज आणि पायपेटी यांच्या साथीवर गणपती, ऋद्धिसिद्धी, त्यांची पूजा करणारा विनोदी भट आणि मोरावर आरूढ सरस्वती ही पात्रे येऊन जातात. त्यानंतर येणारा संकासुर हा वेद पळवणारा शंखासुर होय. काळा पायघोळ वेष, डोक्यापासून चेहरा झाकणारी काळी टोपडी आणि तिच्यातून लोंबणारी लालभडक जीभ असे त्याचे रूप असते. देव आणि राजे संस्कृतप्रचुर मराठी बोलत असता हा राक्षस मात्र निखळ मालवणी बोलतो, गावातल्या सावकारापासून पुढाऱ्यापर्यंत कोणाचीही टर उडवतो आणि समोरच्या गर्दीतल्या नेमक्या माणसाला उद्देशून काहीतरी टाकतो. विष्णूने त्याचा वध केला की पूर्वरंग संपतो आणि उत्तररंगात आख्यान, म्हणजे पुराणातील एखादे पूर्ण कथानक, सादर होते. उजाडताना दहीहंडी फुटते, आणि या शेवटच्या विधीवरून सबंध नाटकालाच दहिकाला किंवा मालवणीत धयकालो म्हटले जाते.

या सगळ्यात लिहिलेली संहिता कोठेच नसते. देवळालगतच्या पडवीत नट आपापल्या ट्रंकेसमोर बसून, लहानशा आरशात पाहून स्वतःचा चेहरा स्वतः रंगवीत असताना मालक किंवा जाणता नट त्या रात्रीचे कथानक, प्रवेशांचा क्रम आणि कोणी कोणाला कोठे अडवायचे एवढे सांगतो. पुढचे सर्व संवाद रंगमंचावर जागच्या जागी जुळतात. राजपार्टी, म्हणजे राजाची किंवा नायकाची भूमिका करणारा नट, एखाद्या पौराणिक पेचावर प्रतिस्पर्ध्याला प्रश्न टाकतो, आणि त्याला उत्तर देण्यासाठी पुराणाचे पाठांतर, हजरजबाबीपणा आणि पल्लेदार वाणी हे तिन्ही लागतात. त्यामुळे तेच आख्यान आज आरोंद्याला आणि परवा बांद्याला लागले तरी ते एकच नाटक नसते. रसिकाला कथा पाठ असते, शेवट कळलेला असतो. तो जातो ते आजच्या रात्री अमुक नट अमुक प्रश्नावर काय बोलेल ते ऐकायला. लिखित नाटकाच्या प्रेक्षकाला दुसऱ्यांदा जाण्याचे कारण शोधावे लागते, पण दशावताराच्या प्रेक्षकाला एखादी रात्र चुकवण्यासाठी सबब लागते.

हीच गोष्ट अमेरिकेतील ग्रेटफुल डेड या वाद्यवृंदाच्या चाहत्यांच्या बाबतीत दिसते. १९६५ मध्ये कॅलिफोर्नियात स्थापन झालेल्या आणि जेरी गार्सिया या प्रमुख वादकाच्या १९९५ मधील मृत्यूपर्यंत चाललेल्या या वाद्यवृंदाचे कार्यक्रम गाण्यांच्या क्रमापासून वादनाच्या लांबीपर्यंत आयत्या वेळी ठरत, आणि म्हणूनच डेडहेड या नावाने ओळखले जाणारे त्याचे चाहते महिनोन्महिने त्याच्या दौऱ्यामागे फिरत आणि प्रत्येक रात्र ध्वनिमुद्रित करून ठेवीत. १९८४ पासून वाद्यवृंदाने अशा मुद्रण करणाऱ्यांसाठी प्रेक्षागृहात वेगळी जागाच राखून ठेवली. साम्य येथे संपते. डेडहेडला तिकीट काढावे लागे आणि दौऱ्यात पोट भरण्यासाठी वाहनतळावर काहीबाही विकावे लागे. दशावताराच्या प्रेक्षकाला तिकीट नाही, कारण नाटकाचा खर्च देवस्थान किंवा नवस फेडणारा यजमान करतो. आलेला माणूस कुठल्या गावचा हे कोणी विचारत नाही. अर्थात हे मोकळे आवार पूर्वी सर्वांनाच मोकळे नव्हते, ज्या जातींना देवळाच्या प्राकारात प्रवेश नाकारला जाई त्यांनी नाटक बाहेरून पाहिले, हेही नोंदवणे आवश्यक आहे.

पैसा प्रेक्षकाकडून येतो तो दोन वाटांनी. नाटकाच्या ओघात एक पात्र आरतीचे ताट घेऊन प्रेक्षकांत फिरते आणि त्यात ज्याला जमेल तसे नाणे किंवा नोट पडते, ही जुनी वाट. दुसरी वाट बक्षिसाची असून, एखादा संवाद किंवा पद पसंत पडले की प्रेक्षक नटाच्या नावाने रक्कम देतो आणि ती देणाऱ्याच्या नावानिशी जाहीर होते. ध्वनिक्षेपक आल्यापासून या घोषणांनी आख्यानाची लय पुष्कळदा मोडते, आणि देणाऱ्याचे नाव नटाच्या पदापेक्षा अधिक वेळ घुमते, ही तक्रार रास्त आहे. तरीही चाहत्याचे कंपनीशी नाते उघडपणे नोंदवणारी दुसरी सोय या परंपरेत नाही.

कंपनीमागे जाण्याकडून नटामागे जाण्याकडे झालेला पालट हा या इतिहासातला महत्त्वाचा टप्पा होय. पूर्वी रसिक स्वतःला अमुक कंपनीचा म्हणवी. बाबी नालंग, बाबी कलिंगण यांसारख्या नटांनी राजपार्टीला स्वतंत्र प्रतिष्ठा मिळवून दिल्यावर चाहता नटाच्या नावाने ओळखला जाऊ लागला. नेरूरच्या कलेश्वर मंडळाचे सुधीर कलिंगण यांना प्रेक्षकांनी दिलेली 'लोकराजा' ही उपाधी इतकी रूढ झाली की २०२२ मध्ये त्यांचे निधन झाले तेव्हाही ती नावाआधी लागली; स्त्रीपार्टी करणारे ओमप्रकाश चव्हाण यांच्याभोवतीही असाच निष्ठावंत वर्ग जमला. याच ओढीतून 'संयुक्त दशावतार' हा प्रकार फोफावला, ज्यात निरनिराळ्या कंपन्यांतले नामांकित नट एका रात्रीपुरते एकत्र आणले जातात आणि जत्रेच्या तिथीचे बंधन नसल्यामुळे प्रयोग पावसाळ्यातही होतात. पाहणाऱ्याला त्यात चुरस मिळते हे खरे, परंतु वर्षानुवर्षे एकत्र राहिलेल्या नटांना एकमेकांच्या तोंडातला शब्द ओळखता येतो, तो जोड एका रात्रीत जमत नाही. धूर आणि प्रकाशाच्या करामती असलेल्या ट्रिकसीनच्या नाटकांविषयी तर एवढेच म्हणता येईल की यंत्र दररोज तेच करते.

वाहनांनीही प्रेक्षक बदलला. चूड जाऊन गॅसबत्ती आली, मग एसटी, मग मोटारसायकल. आता एकाच रात्री एका गावचा संकासुर आणि दुसऱ्या गावचे आख्यान पाहणे अशक्य राहिलेले नाही. जत्रेपुरती रजा काढून गावी येणाऱ्या मुंबईकर चाकरमान्यांनी ही आवड गिरणगावात नेली. गंगाराम गवाणकरांच्या 'वस्त्रहरण' या मालवणी नाटकाला १९८० पासून मुंबईत जो प्रतिसाद मिळाला त्यामागेही, गावच्या पौराणिक नाटकाची फजिती ओळखून हसणारा हाच प्रेक्षक होता. दुसऱ्या दिशेला पेडणे महाल अठराव्या शतकाच्या अखेरीस सावंतवाडीकरांकडून पोर्तुगिजांकडे गेला, परंतु पार्सेकर कंपनीचे पार्से गाव त्या हद्दीत असूनही कंपन्या आणि त्यांचे रसिक तेरेखोलच्या दोन्ही तीरांवर जात-येत राहिले.

सावंतवाडी शहरात दहा अवतार आणखी एका रूपाने टिकले आहेत, ते म्हणजे दशावतारी गंजिफा. प्रत्येक अवताराचा एक असे दहा रंग, प्रत्येक रंगाची बारा पाने, अशा १२० गोल, हाताने रंगवलेल्या पत्त्यांचा हा खेळ असून, लोपत चाललेल्या या कलेला येथील राजघराण्यातील शिवरामराजे भोसले आणि सत्त्वशीलादेवी भोसले यांनी विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात राजवाड्यातच आश्रय दिला. गंजिफाला राजाश्रय लागला. नाटकाला मात्र गावोगावच्या देवस्थानांनी आणि चालत येणाऱ्या माणसांनी सांभाळले.

अलीकडे प्रयोगांची चित्रफीत त्याच रात्री मोबाइलवर पोहोचते, आणि प्रत्यक्ष न जाताही मोसम अनुसरता येतो. दशावतारी नटाच्या आयुष्यावर बेतलेला, दिलीप प्रभावळकर यांची प्रमुख भूमिका असलेला 'दशावतार' हा मराठी चित्रपट १२ सप्टेंबर २०२५ रोजी प्रदर्शित झाला आणि कोकणाबाहेरच्या पुष्कळ लोकांनी संकासुर पहिल्यांदा पाहिला तो पडद्यावर. त्या दिवशी सावंतवाडीच्या आसपास भात अजून शेतात उभे होते, आणि जत्रांचा मोसम सुरू व्हायला तुळशीच्या लग्नापर्यंतचे जवळजवळ दोन महिने बाकी होते.