दूरचा गुरु आणि हातांतलें धनुष्य

शिरूर आणि दौंड हे पुणें जिल्ह्याच्या पूर्वेकडचे दोन शेजारी तालुके. दोहोंच्या सीमेवरून भीमा वाहते. या मुलखांत दूरचें जग निरनिराळ्या वाटांनीं आलें. शिरूरला तें फौजेबरोबर आलें; पेशवाईच्या अखेरच्या काळांत घोडनदीच्या कांठीं इंग्रजांची छावणी पडली. दौंडला तें रुळांवरून आलें. १८७८ सालीं दौंड-मनमाड मार्ग पुरा झाला आणि गांवाचें मोठें जंक्शन बनलें. परंतु दूरचें जग दारावरून जातांना पाहणें निराळें आणि त्या जगांत शिरून कांहीं शिकणें निराळें. हा भेद विसरला गेला म्हणजे नव्या साधनांविषयीं अवाजवी आशा तरी उत्पन्न होते, नाहीं तर अवाजवी भीति तरी. संगणकाच्या पडद्यामागें उभारलेल्या ज्या सामायिक आभासी सृष्टींत आज गुरु-शिष्य एकत्र येतात, तिच्याविषयींही असेंच घडत आहे. म्हणून तिचा विचार थोडा मागून सुरू करणें इष्ट.

पुण्याचें आकाशवाणी केंद्र १९५३ सालीं सुरू झालें. त्यानंतर तीन वर्षांनीं, १९५६ मध्यें, युनेस्कोच्या साहाय्यानें या केंद्रानें एक प्रयोग केला. त्याची मूळ कल्पना कॅनडांतली. तेथें १९४१ पासून शेतकरी शेजाऱ्यांच्या घरीं जमत, रेडिओवरील कार्यक्रम ऐकत आणि लगेच त्यावर चर्चा करीत. आपल्याकडे पुणें, अहमदनगर, नाशिक, उत्तर सातारा व कोल्हापूर या पांच जिल्ह्यांतील १५० गांवें निवडण्यांत आलीं. प्रत्येक गांवीं वीसेक जणांचें श्रोतृमंडळ, आठवड्यांतून दोनदां अर्ध्या तासाचा कार्यक्रम, असे दहा आठवड्यांत २० कार्यक्रम झाले. ऐका, चर्चा करा, कृति करा, हें त्या प्रयोगाचें सूत्र होतें. मंडळांतून निघालेले प्रश्न केंद्राकडे जात आणि त्यांचीं उत्तरें पुढें ध्वनिक्षेपित होत.

मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेनें, समाजशास्त्रज्ञ पॉल नॉयराथ यांच्या मार्गदर्शनाखालीं, या प्रयोगाची पारख केली. जेथें मंडळें होतीं, जेथें नुसता रेडिओ होता आणि जेथें रेडिओही नव्हता, अशा तिन्ही प्रकारच्या गांवांत कार्यक्रमांपूर्वीं व नंतर लोकांना प्रश्न विचारण्यांत आले. मंडळांच्या गांवीं ज्ञानाची वाढ ठळकपणें दिसली. नुसता रेडिओ असलेल्या गांवीं ती अल्पच होती. आवाज तोच आणि यंत्रही तेंच. फरक होता तो शेजारीं बसलेल्या माणसाचा. १९५९ सालीं ही योजना देशभर नेण्यांत आली.

या मंडळांत एक उणीव मात्र होती. एका गांवचे वीस जण आपसांत बोलत, पण एका जिल्ह्यांतील मंडळाची दुसऱ्या जिल्ह्यांतील मंडळाशीं गांठ पडत नसे. ही उणीव पुढें संगणकानें भरून काढली. १९७८ सालीं इंग्लंडमधील एसेक्स विद्यापीठांत रॉय ट्रबशॉ व रिचर्ड बार्टल या दोघां विद्यार्थ्यांनीं केवळ शब्दांची एक सृष्टि रचली. तींत चित्र नव्हतें. वाटा, खोल्या, अरण्यें यांचीं वर्णनें पडद्यावर उमटत, आणि वेगवेगळ्या यंत्रांपुढें बसलेले लोक एकाच वेळीं तेथें वावरत. पुढील दशकांत अमेरिकेंत निघालेल्या ‘हॅबिटॅट’ नांवाच्या सृष्टींत माणसांना चित्ररूप मिळालें. आणि त्या रूपासाठीं तिच्या रचनाकारांनीं जो शब्द वापरला तो आपलाच, अवतार!

खेळ म्हणून जन्मलेल्या या सृष्टीकडे शिक्षकांचें लक्ष लवकरच गेलें. एमी ब्रकमन यांनीं एम.आय.टी.मध्यें मुलांसाठीं ‘मूस क्रॉसिंग’ ही शब्दसृष्टि निर्माण केली. मुलांनीं तेथें आपल्या कल्पनेचे प्राणी व घरें लिहून घडवावयाचीं आणि त्यांना हालतेंबोलतें करण्यासाठीं संगणकाची भाषा शिकावयाची. त्या शिक्षणांत सर्वांत मोठा आधार झाला तो बरोबरीच्या मुलांचा. अडलेल्यानें विचारावें आणि ज्याला आलें त्यानें सांगावें. हार्वर्डचे ख्रिस डीड यांच्या ‘रिव्हर सिटी’त एकोणिसाव्या शतकांतील एक नगर उभें केलेलें होतें. तेथील लोक आजारी पडत. विद्यार्थ्यांनीं लहान गट करून पाणी तपासावें, डासांची पाहणी करावी, रहिवाशांना प्रश्न विचारावे आणि रोगाचें कारण स्वतः हुडकून काढावें. खऱ्या नगरांत शाळकरी मुलांच्या हातीं असें काम कोणी देणार नाहीं. आभासी नगरांत अनुमान चुकलें तरी कोणाचा जीव जात नाहीं, आणि चुकलेल्याला पुन्हा आरंभ करतां येतो. या सृष्टीचा खरा गुण हाच.

तथापि या इतिहासांत ओसाड बेटेंही आहेत. २००३ सालीं खुल्या झालेल्या ‘सेकंड लाईफ’मध्यें थोड्याच वर्षांत अनेक विद्यापीठांनीं जागा घेतल्या आणि इमारती उठविल्या. कित्येकांनीं तेथें व्याख्यानाचीं दालनें बांधून बांकें मांडलीं. जेथें पाय दुखत नाहींत तेथें बांकें, आणि जेथें मनुष्य उडूं शकतो तेथें जिने! जग नवें, पण शिकविणें जुनेंच राहिलें. एकानें बोलावें आणि इतरांनीं ऐकावें. २०१० सालीं चालकांनीं शिक्षणसंस्थांची सवलत काढून घेण्याचें जाहीर केलें, तेव्हां अनेक संस्थांनीं आपला मुक्काम हलविला. २०१३ मध्यें सवलत परत मिळाली, परंतु रिकामीं दालनें केवळ सवलतीनें भरत नसतात.

आतां पुन्हा शिरूर तालुक्यांत यावें. तालुक्याच्या पश्चिम भागांत पाबळ हें अवर्षणाच्या पट्ट्यांतलें गांव आहे. इलिनॉय विद्यापीठाची डॉक्टरेट मिळविलेले आणि हिंदुस्थान लीव्हरच्या संशोधन विभागांत मोठ्या हुद्द्यावर असलेले डॉ. श्रीनाथ कलबाग यांनीं नोकरी सोडून १९८३ सालीं येथें विज्ञान आश्रम स्थापिला. शाळा सुटलेल्या मुलांनीं लोखंड सांधावें, विजेच्या तारा जोडाव्या, जमिनींतील पाण्याचा शोध घ्यावा, घुमटाकार घरें बांधावीं आणि हें करतां करतां विज्ञान शिकावें, असा त्यांचा आग्रह होता. २००२ सालीं एम.आय.टी.चे प्राध्यापक नील गर्शेनफेल्ड यांच्या योजनेंतून पाबळला ‘फॅब लॅब’ उभी राहिली. संगणकावर आंखलेली वस्तु यंत्रानें प्रत्यक्ष घडविण्याची ही प्रयोगशाळा, एम.आय.टी.च्या आवाराबाहेर निघालेल्या पहिल्या कांहीं प्रयोगशाळांत तिची गणना होते. दुसऱ्याच वर्षीं डॉ. कलबाग निवर्तले. त्यांचें काम मात्र थांबलें नाहीं.

२००९ पासून अशा प्रयोगशाळांची मिळून ‘फॅब अकादमी’ सुरू झाली आणि पाबळनेंही तींत भाग घेतला. देशोदेशींचे विद्यार्थी आठवड्यांतून एकदां एकाच पडद्यावर जमत. गर्शेनफेल्ड यांचें व्याख्यान ऐकून झालें कीं प्रत्येकानें आपापल्या गांवच्या यंत्रापाशीं जावें, तेथील मार्गदर्शकाच्या देखरेखीखालीं नेमलेलें काम पुरें करावें आणि फसलेल्या प्रयत्नांसह त्याची नोंद सर्वांपुढें मांडावी, असा परिपाठ होता. येथें अवतार नव्हते, कल्पित नगरही नव्हतें. तरी १९५६ च्या श्रोतृमंडळांत जें थोडक्यांत साधलें होतें तेंच येथें पृथ्वीच्या विस्तारावर साधलें. गुरु दूर राहिला, पण सोबती व काम जवळ होतें.

एकलव्यानें मातीच्या द्रोणासमोर धनुर्विद्या मिळविली, ही कथा घरोघर ठाऊक आहे. त्याचा गुरु आभासी होता. परंतु धनुष्य मातीचें नव्हतें, आणि बाणही खरे होते. कथेंतील दुसरी गोष्ट तितकीच ध्यानांत ठेवण्याजोगी आहे. एकलव्य एकटा होता. त्याच्या अंगठ्यावर संकट आलें तेव्हां त्याच्या बाजूनें बोलणारा एकही सहाध्यायी जवळ नव्हता.

मार्च २०२० मध्यें करोनाच्या साथीमुळें शाळा बंद झाल्या, तेव्हां खेड्यांतील किती तरी मुलांच्या वांट्यास हाच एकटेपणा आला. धडा पडद्यावर येत होता, पण अडलेली शंका ज्याच्या कानांत कुजबुजावी तो बांकावरचा मित्र नव्हता. नुसता रेडिओ असलेल्या गांवांची जी स्थिति १९५६ सालीं दिसली होती, तीच पुन्हा घरोघर दिसूं लागली.

आभासी सृष्टीचीं साधनें स्वस्त होतील तसतशीं तीं शिरूर-दौंडच्या शाळांतही येतील, आणि तीं यावींतच. समुद्राचा तळ किंवा ज्वालामुखीचें मुख दाखविणें खडूफळ्याला कधींच जमलें नाहीं. परंतु एखाद्या शाळेंत असें साधन आलें म्हणजे पालकांनीं त्याची किंमत विचारून थांबूं नये. मूल त्या सृष्टींत जातें तेव्हां त्याच्याबरोबर कोण जातें, आणि परत आल्यावर तें हातानें काय करतें, हेंही विचारावें. दौंडच्या फलाटावरून रोज किती तरी गाड्या जातात. प्रवास घडतो तो मात्र गाडींत बसणाऱ्याचाच.