वीस आणि तीस : सांडपाण्याच्या एका प्रमाणाचा प्रवास

७ जुलै १८५५ रोजी मायकेल फॅरडे हे लंडन येथे टेम्स नदीतून आगबोटीने चालले असता त्यांनी पांढऱ्या कार्डाचे तुकडे भिजवून प्रत्येक धक्क्यापाशी पाण्यात सोडले. ऊन लख्ख असूनही तुकडा इंचभर बुडण्यापूर्वीच दिसेनासा होई. हा अनुभव त्यांनी 'टाइम्स' पत्रास कळविला. साधन ढोबळ खरे. पण त्याने मोजली जात होती ती नदी, गटाराच्या तोंडचे पाणी नव्हे.

त्यानंतर शास्त्रज्ञांची दृष्टी गटाराच्या तोंडाकडे वळली. १८६८ साली नेमलेल्या नदी-प्रदूषण आयोगाने (एडवर्ड फ्रँकलंड हे त्याचे एक सदस्य) सांडपाण्यातील सेंद्रिय कार्बन, नायट्रोजन इत्यादींच्या कमाल मर्यादा सुचविल्या. नदी मोठी की लहान, हा प्रश्न त्या मर्यादांत नव्हता. १८७६ च्या कायद्यात पार्लमेंटने हे आकडे घेतले नाहीत.

या दोन दृष्टींची सांगड घातली ती १८९८ मध्ये स्थापन झालेल्या रॉयल कमिशनने, १९१२ च्या आपल्या आठव्या अहवालात. नदीत सेंद्रिय घाण किती, यापेक्षा ती घाण कुजताना पाण्यातील विरघळलेला प्राणवायू किती खाते, हे पाहावे असे कमिशनने ठरविले. त्यासाठी नमुना ६५ अंश फॅरेनहाइट तपमानात पाच दिवस ठेवावयाचा. दशलक्ष भागांस १ भाग प्राणवायू खाणारी नदी अतिस्वच्छ, २ ची स्वच्छ, ५ ची संशयास्पद आणि १० ची वाईट, अशी प्रतवारी लावण्यात आली. चारच्या पुढे नदी बिघडल्याची चिन्हे दिसू लागतात, असा कमिशनचा निष्कर्ष होता.

प्रसिद्ध 'वीस-तीस' प्रमाणाचा उगम येथे आहे. प्राणवायूची मागणी २० आणि तरंगता गाळ ३० या मर्यादेतील सांडपाणी नदीत सोडण्यास हरकत नाही, असे कमिशनने म्हटले. मात्र नदीत त्याच्या निदान आठपट स्वच्छ पाणी असले पाहिजे. हिशेब सोपा आहे. २ मागणीचे आठ भाग आणि २० चा एक भाग मिळून नऊ भागांत ३६. म्हणजे मिश्रणाची मागणी नेमकी ४. वीस हा आकडा सांडपाण्याचा गुण सांगत नाही. तो नदी आणि सांडपाणी यांच्या नात्यातून निघालेला आहे. म्हणूनच प्रवाह पाचशेपटींहून अधिक असेल तेथे कमिशनने अट बरीच सैल केली.

पण आकडा लक्षात राहतो, अट मागे पडते. इंग्लंडात हे प्रमाण कायद्यात न येताही सर्वत्र रूढ झाले. भारतीय मानक संस्थेच्या १९७३ च्या मानकातही नद्यांत सोडावयाच्या मलजलासाठी तेच दोन आकडे, २० आणि ३०, आढळतात. दख्खनच्या नद्यांना ते लावताना मात्र अडचण उभी राहते. मुठेचे पाणी खडकवासल्यास अडलेले. उन्हाळ्यात पुण्याखालच्या पात्रात जे वाहते ते बहुतांशी शहराचेच सांडपाणी. आठपट स्वच्छ पाणी तेथे आणावयाचे कोठून? प्रमाणात तंतोतंत बसणारे सांडपाणी अशा पात्रात एकटेच वाहिले, तर नदीची मागणी २० राहील, म्हणजे कमिशनच्याच प्रतवारीतील 'वाईट' नदीच्या दुप्पट. शिवाय १८ अंश सेल्सियसला पाण्यात सुमारे साडेनऊ भाग प्राणवायू मावतो, तर ३० अंशांस साडेसातच. खर्च वाढावा आणि शिल्लक घटावी, तसा हा प्रकार.

१९९० नंतरच्या दशकात भारतीय नियमांत एक दुरुस्ती झाली. २० अंश सेल्सियस आणि पाच दिवस यांऐवजी २७ अंश आणि तीन दिवस, अशी कसोटी आली. ती योग्यच होती. इंग्लंडच्या हवेचा ठसा तेवढ्यापुरता पुसला गेला. नद्यांसाठीच्या सर्वसाधारण प्रमाणात प्राणवायूची मागणी ३० ठेवण्यात आली. विरलनाची अट त्या आकड्याला जोडली गेली नाही. ज्या जलाशयात पाणी सोडावयाचे त्याची स्थिती पाहून अधिक कडक मर्यादा घालण्याचा अधिकार राज्य मंडळांना त्याच नियमांनी दिलेला आहे. मुठेसारख्या नदीच्या बाबतीत १९१२ चा तो आठपटीचा प्रश्न याच अधिकारातून पुन्हा विचारावा लागतो.